बैर-शेब्यापासून दानपर्यंत

शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, 'दानापासून बैर-शेब्यापर्यंत' हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. अर्थ सोपा आहे : अख्खा देश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आपण 'आसेतुहिमाचल' म्हणतो तसं. नगरच्या आमच्या चर्चच्या संडे स्कूलमध्ये मी हे बावीस वर्षं शिकवलं. फळ्यावर नकाशा काढायचे. वर दान, खाली बैर-शेबा, उजवीकडे यार्देन नदी आणि मृत समुद्र. दरवर्षी एखादं पोरगं विचारायचंच, "टीचर, म्हणजे केवढा देश?" मी दोन्ही हात पसरून दाखवायचे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तो देश खालून वर असा पार केला. सुमारे २४० किलोमीटर. पुण्याहून कोल्हापूरला जावं, जवळपास तेवढंच. हात मी जरा जास्तच पसरत होते.

आमच्याकडून पवित्र भूमीच्या सहली निघतात, त्या बेथलेहेम, नासरेथ, यरुशलेम अशा येशूच्या पावलांमागून जातात. मला त्याच्या आधीचं बघायचं होतं. राजे, संदेष्टे, वेढे, बंदिवास. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली बाई, तिला दुसरं काय सुचणार? म्हणून हे, मी, दीर आणि जाऊबाई असे चौघंच निघालो. व्हिसा आणि तिकिटं ह्यांनी बघितली, सगळं सुरळीत झालं. गाडीसकट चालक मिळाला तो नासरेथचा, चाळिशीतला अरब ख्रिस्ती. इंग्रजी मोडकं बोलायचा, आमचंही तसंच, त्यामुळे छान जमलं.

पहिला दिवस : विहीर

सकाळी उतरलो. तिथं पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, एक छोटी चिठ्ठी देतात. ती परत येईपर्यंत जपायची, हॉटेलातही मागतात. जाऊबाईंनी ती च्युइंगगमच्या कागदाबरोबर जवळजवळ फेकलीच होती.

दीड तासात बैर-शेबा. आजचं शहर मोठं, उंच इमारतींचं. जुनं गाव त्याच्या पूर्वेला, एका टेकाडावर. 'तेल' म्हणतात त्याला. पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं गोडेतेल की काय. पण नगर जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. नेवाशाला, दायमाबादला जे पांढरीचं टेकाड आहे, तेच हे. एका वस्तीच्या राडारोड्यावर दुसरी वस्ती, तिच्यावर तिसरी. मगिद्दो आणि हासोर यांच्याबरोबर या टेकाडाला २००५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं.

वेशीबाहेरच विहीर आहे, जवळजवळ ७० मीटर खोल. इस्राएलांचा मूळपुरुष अब्राहाम आणि त्याचा मुलगा इसहाक यांची शेजारच्या पलिष्टी लोकांशी विहिरींवरून भांडणं झाली, ती याच मुलखात. ही विहीर त्यांचीच असं पुरातत्त्ववाले म्हणत नाहीत. टेकाडावर आज दिसणारं गाव बऱ्याच नंतरचं, यहूदा या दक्षिणेकडच्या राज्याच्या राजांच्या काळातलं. पण कठड्यावरून आत वाकून बघितलं आणि ते भांडण एकदम घरचं वाटलं. आमच्या माहेरी दोन चुलत घरांत विहिरीच्या पाळीवरून तीस वर्षं बोलणं नव्हतं. दुष्काळी भागात वाढलेल्याला उत्पत्तीचं पुस्तक, बायबलचं पहिलं, वेगळं समजतं, असं माझं ठाम मत आहे.

आत गेल्यावर दिसते ती वेदी. चारी कोपऱ्यांना शिंगं असलेली, दगडी. इथं आहे ती प्रतिकृती, अस्सल यरुशलेमच्या संग्रहालयात. गंमत अशी की खोदणाऱ्यांना ती उभी सापडलीच नाही. पुरातत्त्वज्ञ योहानान अहरोनी यांच्या पथकाला १९७०च्या दशकात तिचे दगड एका कोठाराच्या भिंतीत बसवलेले मिळाले. कुणीतरी वेदी मोडली आणि तिचे चिरे बांधकामाला वापरले. यहूदाचा राजा हिज्कीया याने उपासना एकट्या यरुशलेमात आणली, बाहेरगावच्या वेद्या पाडल्या, असं शास्त्र सांगतं. ही त्यांतलीच एक असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. मी हे शिकवताना एका वाक्यात उरकायचे. 'हिज्कीयाने वेद्या पाडल्या, पुढे चला.' इथं उभं राहिल्यावर पहिल्यांदा मनात आलं, की ज्या गावाची वेदी पाडली त्या गावाला त्या दिवशी काय वाटलं असेल?

टेकाडाच्या पोटात पाण्याचं मोठं टाकं आहे. डोक्याला हेल्मेट घालून उतरायचं. गुडघे दुखणाऱ्यांनी वरच थांबावं, दिरांनी तेच केलं.

दुसरा दिवस : ज्यांचं आपण वाचतो

सकाळी अराद. छोटा किल्ला, त्यात छोटं देऊळ. हो, देऊळच. यरुशलेमच्या मंदिरासारखीच मांडणी : अंगण, पुढची खोली, आणि आत परमपवित्रस्थान. ते इतकं लहान की दोन माणसं दाटीवाटीने उभी राहतील. अंगणातली वेदी न घडवलेल्या दगडांची, निर्गमाच्या पुस्तकात सांगितली आहे तशी. आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी धूप जाळायच्या दोन दगडी वेद्या होत्या. त्यांच्यावरच्या काळ्या थराची रासायनिक तपासणी झाली, तिचा निष्कर्ष २०२० मध्ये आला. मोठीवर ऊद, आणि लहानीवर चक्क गांजा. हे मी मोबाइलवरून वाचून दाखवल्यावर ह्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "म्हणजे आपल्याकडचे गोसावीच." जाऊबाईंना ते अजिबात आवडलं नाही.

दुपारी दिमोना. प्रवासवर्णनांत हे गाव सापडणार नाही, बघायला तिथं काही नाही. पण अलिबागच्या एका ओळखीच्या घरातून फोन नंबर मिळाला होता, आणि त्या नंबरवर ऐंशी ओलांडलेल्या एक आजी होत्या. बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी बोलणारे यहूदी. कोकणातले हे लोक सांगतात, की त्यांच्या पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं आणि सात जोडपी वाचली. पुढे ते तेल गाळायचे आणि शब्बाथाला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव दिलं 'शनिवार तेली'. आजी १९६०च्या दशकात इकडे आल्या.

दार उघडून आधी आमच्या पायांकडे बघितलं. "चपला कशाला काढता? या, या. कुठल्या गं तुम्ही?"

"नगरच्या."

"हिंदू?"

"नाही आजी, ख्रिस्ती."

"म्हणजे आमचंच वाचता."

"हो, जुना करार..."

"जुना?" आजी हसल्या. पुढचे दोन दात नव्हते. "जुना तुमच्या हिशोबानं. आमच्याकडं तोच चालू आहे, दुसरा आलाच नाही."

मी खरंच गप्प झाले. बावीस वर्षं 'पार्श्वभूमी' हा शब्द वापरत आले होते. 'येशूच्या जीवनाची पार्श्वभूमी.' आणि ती पार्श्वभूमी पांढऱ्या केसांचा अंबाडा घालून समोर बसली होती आणि विचारत होती, जेवणार ना?

जेवण म्हणजे नारळाच्या दुधातली कोंबडी, भात, आणि नंतर मलिदा. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, वरून फळांचे काप. हा मलिदा एलियाहू हनाबीच्या, म्हणजे आपल्या एलीया संदेष्ट्याच्या नावाने करतात. अलिबागकडे खंडाळ्याला त्याच्या रथाच्या चाकाची खूण खडकावर दाखवतात, हे मला नगरमध्ये राहून ठाऊक नव्हतं. जेवणानंतर जाऊबाईंनी दुधाचा चहा मागितला. आजींनी कोरा पुढे ठेवला. "मटण-कोंबडीवर दूध नाही. करडू आईच्या दुधात शिजवू नये, वाचलंय ना?" वाचलं होतं. वर्गात कधी घेतलं नव्हतं.

मग उलगडत गेलं. १८१३ मध्ये मुंबईला आलेल्या ज्या अमेरिकन मराठी मिशनने पुढे नगरला ठाण मांडलं, आमचं चर्च उभं केलं, त्याच मिशनच्या शाळांत कोकणातली बेने इस्राएल मुलं मराठी वाचायला शिकली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी तर त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. आजी म्हणाल्या, "आमच्या आजोबांकडं तुमचं मराठी शास्त्र होतं. मलाखीपर्यंत वाचायचे आणि मिटायचे. पुढची पानं कोरी करकरीत!" मलाखी म्हणजे जुन्या कराराचं शेवटचं पुस्तक; त्यापुढे येशूचा नवा करार.

आल्यावर इथल्या लोकांनी काय म्हटलं, हे विचारल्यावर त्यांचा आवाज बदलला. बेने इस्राएल खरे यहूदी आहेत का, त्यांच्याशी सोयरीक चालेल का, यावरून इथल्या धर्मगुरूंनी वाद घातला होता. लोकांनी धरणं धरलं, आणि १९६४ मध्ये संसदेने ठराव केल्यावर ते मिटलं. "दोन हजार वर्षं शनिवार पाळला," आजी म्हणाल्या, "आणि इथं येऊन दाखला मागतात."

निघताना त्यांनी विचारलं, कुठवर जाणार? दानपर्यंत, म्हटलं. "मी नाही बघितलं गं. इतकी वर्षं झाली, पण यरुशलेमच्या वर गेलेच नाही. तिथं पाणी फार आहे म्हणतात."

तिसरा दिवस : लाखीश

एकाच ठिकाणी जायला वेळ असेल तर लाखीशला जा. सावली नाही, पाणी बरोबर न्या, आणि टोपी. फेब्रुवारीत टेकडीच्या उतारावर लाल रानफुलं फुलतात, तेवढा एक दिलासा.

इ.स.पू. ७०१. अश्शूरचा, म्हणजे असीरियाचा, सम्राट सन्हेरीब यहूदावर चालून आला. उत्तरेकडचं इस्राएलचं राज्य आधीच, ७२२च्या सुमारास, अश्शूरने संपवलं होतं. लाखीश हे यहूदाचं यरुशलेमखालोखाल मोठं शहर. त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्याला दगडगोट्यांचा एक उतार दिसतो. आधी वाटतं, दरड कोसळली असावी. तो अश्शूरच्या सैन्याने तटाला भिडवलेला चढ आहे, त्यावरून भिंत फोडायची यंत्रं वर ढकलली. शिवकालातल्या वेढ्यांचे दमदमे शाळेत शिकवले होते, त्यामुळे तो बघताक्षणी समजला. सत्तावीसशे वर्षं झाली, चढ जागच्या जागी आहे.

सन्हेरीबाने या विजयाची शिल्पं निनवेच्या महालात एक पूर्ण दालन भरून कोरवली; ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्याच्या लेखात ४६ तटबंदीची शहरं घेतल्याची बढाई आहे, आणि हिज्कीयाला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं, असंही आहे. कोंडलं म्हणतो, घेतलं म्हणत नाही. इतिहासाच्या बाईला असल्या जागा बरोबर दिसतात. राजधानी पडली असती तर दालनात लाखीश कशाला आलं असतं?

इथल्या वेशीला सहा खोल्या आहेत. गावचे वडीलधारे वेशीत बसून न्याय करायचे, ते याच खोल्यांतल्या बाकांवर. आपल्या पारासारखंच. त्यांतल्या एका बाजूला २०१६ मध्ये एक देवघर सापडलं. वेद्यांची शिंगं छाटलेली, आणि आत काय ठेवलेलं? शौचाचा दगड. मध्ये भोक असलेली बैठक. तपासल्यावर दिसलं की ती कधी वापरलेली नाही. म्हणजे जागा कायमची बाटवायला मुद्दाम आणून ठेवली. येहू राजाने बआल या परक्या देवाच्या देवळाचं शौचकूप केलं, असं राजांच्या पुस्तकात आहे. ते वाक्य मुलांसमोर वाचताना मी नेहमी घाईत पुढे जायचे. पोरं बरोबर तिथंच खिदळायची.

बैर-शेब्याची वेदी, अरादचं देऊळ, लाखीशचं देवघर. तीन दिवसांत तीन. राजधानीत एकच मंदिर, आणि खेड्यापाड्यांत मात्र लोकांचं आपापलं चाललेलं. संदेष्टे एवढे कुणावर ओरडत होते, असा मला नेहमी प्रश्न पडायचा. यांच्यावर.

लाखीश पुन्हा उभं राहिलं आणि बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, नबुखद्नेस्सर राजाने ते पुन्हा जाळलं. त्या शेवटच्या दिवसांतली पत्रं १९३५ मध्ये इथल्या वेशीत सापडली, खापरांवर शाईने लिहिलेली. एका पत्रात चौकीवरचा माणूस कळवतो, की आम्ही लाखीशच्या खुणेच्या जाळाकडे डोळे लावून आहोत, अजेका आम्हाला दिसत नाही. आणि यिर्मया संदेष्टा लिहितो की तटबंदीच्या शहरांपैकी आता लाखीश आणि अजेका एवढीच उरली होती. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. माझ्या अंगावर काटा आला तो तिथल्या वाऱ्याने नव्हे.

चौथा दिवस : भुयार

यरुशलेम. थंडी आपल्या महाबळेश्वरसारखी, पण ओली.

हिज्कीयाला वेढ्याची चाहूल होती. गावाचं पाणी गिहोनच्या झऱ्यावर, आणि झरा तटाबाहेरच्या बाजूला. म्हणून त्याने खडकातून ५३३ मीटर भुयार खोदवून पाणी आत आणलं. दोन टोळ्यांनी दोन टोकांकडून खोदत यायचं आणि मध्ये भेटायचं. होकायंत्र नाही, वाट सापासारखी वळणावळणाची, आणि ५३३ मीटरमध्ये उतार जेमतेम ३० सेंटीमीटर. भेटले कसे, यावर अजून वाद आहेत.

आम्ही त्या पाण्यातून चाललो. सुरुवातीला पाणी मांडीपर्यंत, मग पोटरीपर्यंत. इतकं गार की पहिली पाच मिनिटं कुणी बोललं नाही. छत काही ठिकाणी इतकं खाली की ह्यांना वाकूनच चालावं लागलं. भिंतींवर छिन्नीचे घाव स्पष्ट दिसतात. मध्यावर कुठेतरी घावांची दिशा बदलते, तिथं दोन्ही टोळ्या भेटल्या. त्यांनी तो क्षण भिंतीवर कोरूनही ठेवला होता : तीन हात खडक उरला असताना पलीकडच्या माणसाचा आवाज ऐकू आला. तो शिलालेख १८८० मध्ये इथं खेळणाऱ्या मुलांना दिसला, आणि तेव्हा राज्य तुर्कांचं असल्यामुळे आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. त्यात राजाचं नावच नाही. देवाचंही नाही. नुसती खोदणाऱ्यांची गोष्ट. मला तो फार आवडतो.

आम्ही विजेऱ्या विझवून मिनिटभर उभे राहिलो. मागून शाळेच्या सहलीतली मुलं हिब्रूत गाणी म्हणत येत होती. आधी नुसती कुजबुज, मग शब्द, मग हसणं. पलीकडच्या माणसाचा आवाज खडकातून कसा येत असेल, ते कळलं.

जायचं असेल तर : पाण्यात चालतील अशा सँडल, गुडघ्याच्या वर दुमडता येईल असा पायजमा, आणि प्रत्येकाला स्वतंत्र विजेरी. बंदिस्त जागेची भीती असेल तर शेजारचा कोरडा बोगदा आहे. शनिवारी बंद. बाहेर पडतो ते शिलोहाच्या तळ्याकडे, जिथं येशूच्या सांगण्यावरून जन्मांध माणसाने डोळे धुतले. त्याच्या खऱ्या पायऱ्या २००४ मध्ये सांडपाण्याची नळी दुरुस्त करताना लागल्या.

आमचा चालक इथं खाली आला नाही. हा भाग सिलवान, पॅलेस्टिनी वस्तीचा. लोकांच्या घरांखाली खोदकाम चालतं, त्यावरून तंटे आहेत. परत येताना एका गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसले, आणि त्याच घराखालच्या दगडांवर माहितीचा फलक. मी फोटो काढला नाही.

संध्याकाळी जुन्या शहरात हिज्कीयाचीच रुंद भिंत बघितली, ७ मीटर जाड. ती बांधायला वाटेतली घरं पाडली, हे यशया संदेष्ट्याने रागाने लिहून ठेवलंय, आणि पाडलेल्या घरांचे पाये भिंतीखाली दिसतात. येशूच्या कबरेच्या चर्चमध्ये दोन तास रांग, आत सहा पंथांची सहा मतं, आणि दाराच्या किल्ल्या मुसलमान घराण्यांकडे. त्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय.

पाचवा दिवस : ताईत

मृत समुद्राकाठी कुमरानला, जिथं शास्त्राच्या जुन्या गुंडाळ्या सापडल्या तिथं, जायचं ठरलं होतं. रात्रभर पाऊस पडला आणि सकाळी चालक म्हणाला, मृत समुद्राचा रस्ता पुराने बंद. वाळवंटात पूर! हिवाळ्यात हे होतं म्हणे, त्यामुळे तिकडचा बेत एका दिवसावर अडकवू नका. आम्ही चरफडत इस्राएल म्युझियमला गेलो. शुक्रवारी ते दोन वाजता बंद होतं. अर्धा दिवसही कमीच पडतो.

बैर-शेब्याची अस्सल वेदी भेटली, अरादच्या परमपवित्रस्थानाचे दगड भेटले. दानला १९९३ मध्ये सापडलेला शिलालेखही. एका अरामी राजाने आपण कुणाकुणाला मारलं त्याची बढाई मारली आहे, आणि त्यात 'दावीदाचं घराणं' हे शब्द आहेत. शास्त्राबाहेर दावीद राजाचं नाव मिळालं ते शत्रूच्या तोंडून.

पण मी थांबले ते एका काचेसमोर. चांदीच्या दोन पातळ पट्ट्या. मोठी साधारण १० सेंटीमीटर, लहान तर ४ सेंटीमीटरचीही नाही. १९७९ मध्ये पुरातत्त्वज्ञ गॅब्रिएल बार्काय यरुशलेमजवळ हिन्नोमच्या खोऱ्यावरच्या कबरी खोदत होते. मदतीला शाळेची मुलं होती. एका पोराने कंटाळून हातोडा आपटला, खालचा थर फुटला आणि खजिना लागला. त्यात या गुंडाळ्या होत्या. उलगडायला तीन वर्षं गेली. इ.स.पू. ६००च्या आसपासच्या. मृत समुद्राच्या गुंडाळ्यांपेक्षा काही शतकं आधीच्या, म्हणजे शास्त्रवचनाचा आज हाती असलेला सर्वांत जुना मजकूर. आणि मजकूर कोणता?

'परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो...'

दर रविवारी उपासना संपताना पाळकसाहेब हात वर करून हेच म्हणतात. माझ्या लग्नात म्हटलं. सासऱ्यांच्या कबरेवर म्हटलं. निम्मं मंडळ तोवर चपला शोधत असतं.

आणि या पट्ट्या कशासाठी होत्या? गळ्यात घालायला. ताईत! आमच्याकडे कुणाच्या मुलाच्या गळ्यात ताईत दिसला तर पाळकसाहेब पुढचे तीन रविवार त्यावर उपदेश करतात. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे, आणि आम्ही दोघं असे हसलो की रखवालदार जवळ आला.

लाखीश जळलं, तेव्हा यरुशलेमही गेलं. इ.स.पू. ५८६ मध्ये मंदिर पडलं, राजाचे डोळे काढले, लोक बाबेलला नेले. वेदी नाही, देऊळ नाही, राजा नाही. उरलं ते असं गळ्यात बांधून नेण्याजोगं. माझ्या मते शास्त्र जुळवून लिहून काढायची निकड तिथून वाढली, आणि सभास्थानाची, म्हणजे यहूदी प्रार्थनागृहाची, सवयही. पुढे गालीलच्या सुताराचा मुलगा ज्या सभास्थानात यशयाची गुंडाळी उघडून उभा राहिला, ते या हरण्याशिवाय झालं नसतं.

चारनंतर दुकानं पटापट मिटली. भोंगा झाला, शब्बाथ लागला. शुक्रवारी दुपारीच खायचं घेऊन ठेवा. आम्ही ठेवलं नव्हतं. रात्रीचं जेवण म्हणजे जाऊबाईंनी नगरहून आणलेली शेंगदाण्याची चटणी आणि पाव.

सहावा आणि सातवा दिवस : उत्तरेकडे

शनिवारी मगिद्दो. हे त्यांचं पानिपत. इजिप्त आणि मेसोपोटेमिया यांच्यामधला रस्ता इथल्या खिंडीतून जातो, म्हणून ज्याला त्याला इथंच लढावं लागलं. फारो तिसरा थुटमोस लढला, आणि १९१८ मध्ये इंग्रज सेनापती ॲलन्बीच्या फौजेतले आपल्याकडचे घोडेस्वारही याच रस्त्याने गेले. योशीया, यहूदाचा शेवटचा भला राजा, इ.स.पू. ६०९ मध्ये इथं फारो नखोच्या हातून मेला. कारण नसताना मध्ये पडला, असं मला नेहमी वाटत आलंय. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं, प्रकटीकरणातलं, अखेरच्या लढाईचं हर्मगिदोन ते हेच. वरून बघितलं तर खाली नुसती हिरवीगार शेतं, आणि एक ट्रॅक्टर.

रविवारी चालक आम्हाला नासरेथला स्वतःच्या चर्चमध्ये घेऊन गेला. उपासना अरबीत. एक शब्द कळला नाही, फक्त शेवटी 'सलाम' आला तेव्हा मान खाली घातली. त्याच्या आईने वेलची घातलेली कडू कॉफी पाजली आणि विचारलं, तुम्हाला कुणी ख्रिस्ती केलं, इंग्रजांनी? ह्यांनी सांगितलं, आमच्या आजोबांनी स्वतःच ठरवलं. ती म्हणाली, "आम्हालाही सगळे हेच विचारतात. आम्ही इथलेच."

गालीलच्या तळ्याकाठचं मग्दलाचं सभास्थान बघाच. २००९ मध्ये सापडलं, येशूच्या काळातलं. मधल्या कोरीव दगडावर सात शाखांची समई आहे, आणि ती कोरली तेव्हा यरुशलेमचं मंदिर उभं होतं. जेवायला तळ्याकाठी 'पेत्राचा मासा', भरपूर पैसे मोजून. ताटात आला तर काय, आपली उजनीची चिलापी! दिरांनी सबंध खाल्ला आणि भिगवणला याहून बरा मिळतो असं जाहीर केलं. खरं होतं.

आठवा दिवस : दान

हर्मोन डोंगरावर बर्फ. दानच्या रानात शिरलो आणि पहिल्यांदा आवाज आला, मग पाणी दिसलं. यार्देनच्या उगमांतला सर्वांत मोठा झरा हा. मुळांतून, दगडांतून, पायवाटेखालून, सगळीकडून पाणी. बैर-शेब्याची ती सत्तर मीटर खोल विहीर आठवली. एवढ्याशा देशाची ही दोन टोकं.

उत्तरेकडच्या राज्याचा पहिला राजा यराबाम याने इथं पूजेला सोन्याचं वासरू ठेवलं, लोकांनी यरुशलेमला जाऊ नये म्हणून. त्या उच्चस्थानाचा चौथरा आहे, आणि वेदी केवढी होती ते दाखवायला धातूची चौकट उभी केली आहे. वेशीत राजाच्या आसनाची जागा, तिच्याशेजारी वडीलधाऱ्यांचा बाक. 'दावीदाचं घराणं' कोरलेला दगड याच भागातल्या भिंतीत सापडला. तोही फोडून बांधकामात वापरलेला, बैर-शेब्याच्या वेदीसारखाच. मी बाकावर बसून घेतलं. पाय दुखत होते.

मग झऱ्यापाशी जाऊन मोबाइलवर पाण्याचा व्हिडिओ काढला आणि दिमोन्याच्या आजींना पाठवला. खाली बोलून टाकलं, "आजी, पोहोचले दानला. हे बघा पाणी."

गाडीत बसेपर्यंत उत्तर आलं, आवाजातच. मागे कुकरची शिट्टी होत होती.

"बघितलं गं बाय. पावसात आमच्या गावचा ओढा अस्साच वाहायचा."